स्किटमधून सिनेमाकडे जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एकांकिका करणाऱ्या मुलामुलींकडून येतात, विनोदी कार्यक्रमांत स्किट करणाऱ्या कलाकारांकडून येतात आणि अधूनमधून त्यांच्या आईवडिलांकडूनही. उत्तरं मराठी मालिका आणि चित्रपटांपुरती आहेत. हिंदीचा रिवाज जिथे वेगळा आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

स्किट करणाऱ्याला सिनेमात खरंच घेतात का, की तो टीव्हीवरच राहतो?

घेतात, आणि हे आजचं नाही. दादा कोंडके वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने गाजले, मग भालजी पेंढारकरांनी १९६९च्या ‘तांबडी माती’त त्यांना घेतलं आणि १९७१मध्ये ‘सोंगाड्या’ आला. निळू फुले ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगातून १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’त गेले. वगात माणसं हसवणारा नट पुढे पडद्यावर खलनायक म्हणून गाजला, हे ‘विनोदी नट’ या शिक्क्याची भीती वाटणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अलीकडची पिढी ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांतून आली. वनिता खरात २०१९च्या हिंदी ‘कबीर सिंग’मध्ये मोलकरणीच्या छोट्या भूमिकेत दिसल्या. भाऊ कदम ‘नशीबवान’मध्ये सफाई कामगार झाले. प्रियदर्शिनी इंदलकर ‘फुलराणी’त, नम्रता संभेराव २०२४च्या ‘नाच गं घुमा’त, समीर चौघुले २०२५च्या ‘गुलकंद’मध्ये होते. दरवाजा उघडा आहे. अडचण आत गेल्यावर सुरू होते.

स्किटमधलं काय कामी येतं?

पाठांतराचा वेग. दहा-बारा मिनिटांचं स्किट दोन दिवसांत बसवणाऱ्याला सिनेमाची तीन पानं जड जात नाहीत. क्यू, म्हणजे आपलं वाक्य कधी सुरू करायचं याची खूण, पकडण्याचा कान. समोरचा चुकला तरी बेअरिंग (भूमिकेवरची पकड) न सोडण्याची सवय. कपडे, चाल, आवाज यांच्या आधारे दहा मिनिटांत माणूस उभा करण्याची हातोटी. आणि बोली, जी शहरात वाढलेल्या नटांना बाहेरून शिकावी लागते.

मग कॅमेऱ्यासमोर ‘लाउड होतंय’ असंच का ऐकावं लागतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

स्किटमधल्या प्रतिक्रियेचे तीन भाग असतात: ऐकणं, कळणं आणि कळवणं. बायको म्हणते, “आई येतेय राहायला.” नवरा ते ऐकतो, त्याला ते कळतं, आणि मग तो मान फिरवून, डोळे मोठे करून शेवटच्या रांगेपर्यंत कळवतो. हशा तिसऱ्या भागावर येतो. रंगमंचावर तो भाग लागतोच, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमचे डोळे दिसत नाहीत.

पडद्यावर कळवण्याचं काम लेन्स करते. साधा हिशेब करा. २२ सेंटिमीटरचा चेहरा क्लोजमध्ये ५ मीटर उंचीच्या पडद्यावर पसरला, तर अर्धा सेंटिमीटर उचललेली भुवई तिथे ११ सेंटिमीटर उचलली जाते. ती कळवायची गरज कोणाला उरली नाही. तरीही नट कळवतो, कारण वर्षानुवर्षं टाळी त्यालाच मिळाली आहे.

‘कमी कर’ ही सूचना म्हणूनच फसते. नट तिन्ही भाग थोडे थोडे कमी करतो, म्हणजे ऐकणंही कमी होतं, आणि चेहरा मेल्यासारखा दिसतो. करायचं उलट: ऐकणं आणि कळणं पूर्ण ठेवायचं, फक्त कळवणं गाळायचं.

सराव असा. मोबाइल स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला लावा. एकच वाक्य मित्राकडून ऐका आणि चार वेळा प्रतिक्रिया द्या: पूर्ण अंग, कमरेपर्यंत, छातीपर्यंत आणि नुसता चेहरा. चेहऱ्यासाठी फोन नाकाजवळ आणू नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, जवळून नाक फुगवते आणि साधा भावही विनोदी दिसतो. चार-पाच फुटांवर ठेवून दुप्पट झूम करा. मग आवाज बंद करून बघा. चौथ्या व्हिडिओत तुम्ही काय ‘करताय’ हे ओळखू आलं, तर अजून कळवणं शिल्लक आहे.

हशा नसतो, मग टायमिंग कसं धरायचं?

प्रेक्षकांसमोर नट हशाची लाट चढू देतो आणि ती उतरायला लागली की पुढचं वाक्य टाकतो. सेटवर लाट नाही. युनिटला हसू आलं तरी साउंडवाल्याच्या धाकाने ओठ दाबून धरलेले असतात. पण नटाच्या अंगात तो दीड-दोन सेकंदांचा थांबा मुरलेला असतो, तो तसाच राहतो आणि सीनला भोकं पडतात.

क्लोजमध्ये संकलक ती भोकं बुजवू शकतो. एकाच सलग शॉटमध्ये नाही. त्यामुळे मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा सलग शॉट, घेताना थांबे अर्धे करा. त्याच सीनची तालीम एकदा पूर्ण सपाट, घाईत, एकही वाक्य ‘न मारता’ करा. कुठला पॉज सीनचा होता आणि कुठला हशासाठी राखलेला, हे तिथेच वेगळं होतं.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप. स्किटमध्ये दोघांनी एकमेकांच्या वाक्यावर चढणं हा जीव असतो. एकाच कॅमेऱ्यावर सिंक साउंडमध्ये (सेटवरचाच आवाज वापरायचा असतो तेव्हा) तुमच्या क्लोजवर समोरच्याचा आवाज चढला की ती जागा कापता येत नाही. दिग्दर्शकाने मागितला नसेल तर केसाएवढी फट ठेवा.

ॲडिशन घेतली तर चालते का?

ॲडिशन म्हणजे संहितेत नसलेलं, आपल्या मनाने घातलेलं वाक्य. चालते, पण विचारून, आणि पहिल्या टेकला कधीच नाही.

कारण गणिताचं आहे. दोन माणसांचा साधा सीन मास्टर, दोन सजेशन (एकाच्या खांद्यामागून दुसऱ्यावर घेतलेले शॉट) आणि दोन क्लोज अशा पाच सेटअपमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाच मांडण्यांत, तुटतो. प्रत्येकाचे तीन टेक धरले तर तीच ॲडिशन पंधरा वेळा, त्याच जागी, त्याच शब्दांत यायला हवी. पहिल्यांदा लाइटवालेसुद्धा हसतात. सहाव्यांदा कोणी हसत नाही. दहाव्या टेकला नट हशा परत मिळवण्यासाठी ती थोडी दाबून म्हणायला लागतो, आणि नेमका तो टेक क्लोजचा असतो.

लिखित टेक ओके झाल्यावर सहायक दिग्दर्शकाला सांगा: “एक माझा देऊ?” क्यूचं वाक्य मात्र बदलू नका. समोरचा नट त्यावर लटकलेला असतो.

कंटिन्युइटीत मी सारखा चुकतो. उपाय?

कंटिन्युइटी म्हणजे प्रत्येक टेकला तीच हालचाल त्याच जागी येणं. हालचाल शब्दाला बांधा. “साहेब, पगाराचं काय?” या वाक्यात कप ‘पगार’वर उचलला असेल, तर पुढच्या प्रत्येक सेटअपमध्ये तो ‘पगार’वरच उचलायचा. स्किटमध्ये तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात, म्हणून हा प्रश्न तिथे जाणवतच नाही.

मास्टरमध्ये हालचाली मोजक्या ठेवणं हा खरा उपाय. स्किटचा नट मास्टरमध्ये चष्मा पुसतो, कॉलर ठीक करतो, टेबलावर टकटक करतो, आणि दुपारभर ते सगळं फेडत बसतो.

खाण्याचा सीन असेल तर पहिल्या टेकला वडापावचा मोठा घास घेऊ नका. तो घास प्रत्येक टेकला घ्यावा लागेल. कोपरा तोडायचा, चघळत राहायचं, कटनंतर बादलीत थुंकायचं. चहा असेल तर ओठाला कप लावला तरी पुरतं, मात्र कप रिकामा नको: रिकामा कप हलका उचलला जातो आणि ते दिसतं.

ऑडिशनचा व्हिडिओ कसा पाठवायचा?

फोन आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीला, मागे साधी भिंत. कुलदैवताचा फोटो, फ्रीज, ट्रॉफ्यांची फळी यापैकी काही नको. चौकट छातीपासून डोक्यावर दोन बोटं. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि उपलब्ध तारखा, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू. त्यानंतर सीन. नजर लेन्समध्ये नाही, लेन्सच्या लगेच शेजारी. समोरून वाक्यं देणारा माणूस फोनमागे, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू. घरचे हौसेने अभिनय करायला लागतात, त्यांना आधीच सांगा.

व्हिडिओत आडव्या काळसर पट्ट्या सरकताना दिसत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि फोन ३० फ्रेमने टिपतो. दोन्ही जुळत नाहीत. फोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो लावा, शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० ठेवा. नाहीतर सकाळी खिडकीकडे तोंड करून शूट करा, तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला लाइट.

एकच टेक मागितला असेल तर एकच पाठवा. दोन मागितले तर दुसरा खरंच वेगळा हवा, वरच्या पट्टीतला पहिलाच नको. विग, मिशी, साडी यांचा आधार घेऊ नका. स्किटमध्ये तुम्ही काय करता हे कास्टिंगवाल्याने पाहिलेलं असतं. तुम्ही कसे दिसता, हे त्याने पाहिलेलं नसतं.

ऑडिशनसाठी पैसे मागितले तर?

द्यायचे नाहीत. नोंदणी, पोर्टफोलिओ, संघटनेचं ‘कार्ड काढून देतो’, वर्कशॉप सक्तीचं, कोणत्याही नावाखाली नाही. काम देणारा पैसे देतो.

सगळीकडे तोच रोल येतो: विसरभोळा नोकर, भांडकुदळ शेजारीण, दारुडा. नाही म्हणावं का?

सरसकट नाही म्हणू नका. दोन गोष्टी तपासा.

एक, सीनमधून पंच काढले तर पात्राला काही हवं आहे का? नोकर आहे, हरकत नाही. पण त्याला सुट्टी हवी आहे, उसने पैसे हवे आहेत, मुलीची फी भरायची आहे, असं काही कथेत असेल तर ती भूमिका आहे. नायक येतो, हा पडतो, लोक हसतात, एवढंच असेल तर ते सिनेमात चिकटवलेलं स्किट. ‘नाच गं घुमा’तली आशाताई मोलकरीणच आहे, ‘नशीबवान’चा नायक सफाई कामगारच आहे. नोकरी तीच असली तरी कथा त्यांच्याभोवती फिरते.

दोन, संहितेत तुमच्या स्किटचं लोकप्रिय वाक्य लिहिलेलं आहे का? असेल तर तुम्हाला नाही, त्या वाक्याला घेतलेलं आहे. नम्रपणे काढायला सांगा. नाही काढलं, तर पैसे चांगले घ्या आणि ते काम आपल्या शो-रीलमध्ये ठेवू नका.

शो-रील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ, ९० सेकंदांची पुरे. पहिला तुकडा गंभीर, स्वतःच्या आवाजातला. तो नसेल तर एखाद्या लघुपटात मिळवा. चित्रपट संस्थांचे विद्यार्थी नट शोधतच असतात, जेवण आणि प्रवासखर्चावर दोन दिवसांत हवा तो तुकडा हाती येतो.

पुरुष कलाकारांनी केलेल्या बायकी पात्रांबद्दल वेगळं विचारलं जातं. त्यांनी लोकप्रियता मिळते, पण चेहरा लपतो. अशी पात्रं आणि साध्या कपड्यांतली पात्रं आलटून पालटून मागत राहणं शहाणपणाचं.

बोली सोडावी का?

नाही. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी हीच त्यांची ओळख आहे. मात्र बोली ही ‘टोन’ म्हणून लावू नका. मालवणीत माणूस रडतोही, हिशेबही करतो. एक दुःखद स्वगत आपल्या बोलीत आणि तेच प्रमाण मराठीत, दोन्ही तयार ठेवा. हिंदीसाठी ऑडिशन देणार असाल तर ‘च’, ‘ज’, ‘झ’ चे उच्चार घासून घ्या. मराठी नट तिथेच ओळखू येतो, आणि मग इन्स्पेक्टर शिंदे आणि कांताबाई यांच्याबाहेर जाणं कठीण होतं.

सिनेमा मिळाला. कार्यक्रम सोडू का?

बहुतेक वेळा गरज नसते. मध्यम बजेटच्या मराठी चित्रपटाचं चित्रीकरण साधारण २० ते ३० दिवसांत आटोपतं आणि सहायक भूमिकेला त्यातले सहा-दहा दिवस लागतात. मुख्य भूमिका असेल तर प्रश्न खरा. तेव्हा सोडण्याऐवजी ठरावीक आठवड्यांची रजा लेखी मागा, आणि परत कधी रुजू होणार ती तारीखही त्यातच लिहा.

तारखांपेक्षा जास्त भांडणं दाढीवरून होतात. सिनेमात दाढी हवी, स्किटमध्ये सासूबाई व्हायचंय. केस, दाढी, वजन यांपैकी काय बदलता येणार नाही ते दोन्ही निर्मात्यांना आधी कळवा. चिकटवलेली दाढी क्लोजमध्ये उन्हात उघडी पडते, ती शेवटचा पर्याय.

करारात काय वाचायचं?

रक्कम सगळेच वाचतात. त्याखालचं वाचा.

पहिलं, अनन्यतेचं कलम: दुसऱ्या वाहिनीवर, वेब मालिकेत, जाहिरातीत काम करायला परवानगी लागते का, आणि किती महिने. दुसरं, पात्राचे हक्क. कार्यक्रमात तुम्ही घडवलेलं पात्र, त्याचं नाव, वेश आणि वाक्य बहुतेक करारांत निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे जातं. मग गणपतीतल्या कार्यक्रमात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात तेच पात्र केलं की नोटीस येऊ शकते. सही करण्याआधी ‘रंगमंचीय प्रयोगांची मुभा’ एवढी एक ओळ मागून घ्या. सही झाल्यावर ती मिळत नाही. तिसरं, दिवस म्हणजे किती तास. बारा तासांची शिफ्ट धरली जाते, पण मेकअपची वेळ आणि प्रवास त्यात आहे का, ते लिहिलेलं हवं. चौथं, डबिंग आणि पॅचवर्कचे (राहिलेले तुकडे नंतर शूट करण्याचे) दिवस मानधनात धरलेत की वेगळे. पाचवं, श्रेयनामावली: नाव स्वतंत्र पाटीवर की यादीत.

पैसे कधी आणि किती हातात पडतात?

टीव्हीत बिल दिल्यापासून ९० दिवस हा रूढ रिवाज आहे. म्हणजे जूनमधल्या कामाचा पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरात. सुरुवातीच्या वर्षात चार महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये, ते यासाठीच. सिनेमात हप्ते ठरवा: सही करताना, चित्रीकरण सुरू होताना, आणि उरलेलं डबिंगच्या आधी. डबिंगनंतर हप्ता ठेवला तर तुमच्या हातात धरून ठेवायला काही उरत नाही.

मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापून येतो. तो आयकर पोर्टलवर आपल्या पॅनवर जमा दिसतो का, ते दर तिमाहीला पाहा. कापला पण भरला नाही, हे प्रकार होतात आणि वर्षअखेरीस कळलं तर धावपळ होते. वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यात सुपाऱ्या (मानधन घेऊन केलेले कार्यक्रम), उद्घाटनं, रील्सचे पैसे सगळं धरायचं. विसरतात ते नेमकं हेच.

मी मुंबई-पुण्याबाहेर राहतो. सुरुवात कुठून करू?

एकांकिकेतून. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून आणि फिरोदिया करंडक १९७४पासून चालू आहे, पण त्या स्पर्धा महाविद्यालयीन आहेत, वय निघून गेलं की संपलं. हौशी कलाकारांसाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे, तिच्या प्राथमिक फेऱ्या जिल्ह्यांच्या ठिकाणी होतात. स्किटच्या कार्यक्रमांचे लेखक-दिग्दर्शक याच स्पर्धांत माणसं हेरतात. प्रयोगाच्या दिवशी संपर्काचा कागद आणि दोन साधे फोटो जवळ ठेवा. मुंबईत खोली घेण्याची घाई नको, व्हिडिओ ऑडिशनमुळे पहिली फेरी गावातूनच होते. हिंदी मालिका-जाहिराती करायला लागलात की मात्र अंधेरी परिसराजवळ राहणं आणि ‘सिन्टा’ या कलाकार संघटनेचं सभासदत्व, दोन्ही सोयीचं पडतं.

रील्समुळे काम मिळतं का?

ओळख होते. जाहिराती मिळतात. भूमिकेसाठी क्वचित, कारण रीलमध्ये नट सतत लेन्सकडे बघत असतो, आणि सिनेमात नेमकं तेच करायचं नसतं.

डबिंगला घाबरायला होतं.

स्किटवाल्यांची ही जुनी अडचण. सेटवर आवाज अंगासोबत येतो. डबिंगच्या खोलीत अंग गप्प आणि तोंड चालू. मग आवाज एकतर सपाट लागतो, नाहीतर स्किटच्या पट्टीत चढतो. उभं राहून करा. सीनमध्ये हातात पिशवी होती तर हातात पिशवी घ्या, पळत होतात तर टेकआधी जागेवर वीस उड्या मारा. माइकपासून एक वीत अंतर. चुरचुरणारे कपडे, बांगड्या, खिशातली नाणी बाहेर. आदल्या रात्री सुपारीच्या कार्यक्रमात ओरडून आला असाल तर तसं सांगून तारीख बदलून घ्या. बसलेल्या घशाने केलेलं डबिंग पुन्हा करावं लागतं, आणि त्या दुसऱ्या दिवसाचे पैसे कोण देणार यावरून वाद होतो.